चालकाच्या जागी

गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी अष्टपुत्रेसाहेबांनी मागचं डावं दार उघडलं, आत बसले, गुडघ्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि गाडी निघायची वाट पाहू लागले.

मी किल्ली हातात घेऊन बाहेर उभी होते. शेजारी आमच्या कंपनीचे मालक निनाद देवकुळे मोबाइलवर चित्रीकरण करत होते, कारण गाडी देताना ग्राहकाचा 'आनंदाचा क्षण' टिपायचा असा त्यांचा नियम होता. आनंदाचा क्षण बराच वेळ वर्तमानपत्र वाचत राहिला. शेवटी मी खिडकीशी वाकून म्हटलं, "सर, गाडी तुम्ही चालवणार होतात."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना अंगण झाडायला सांगितलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. ते उतरले, घसा खाकरला आणि म्हणाले की मागची बैठक कितपत ऐसपैस आहे ते पाहत होतो. त्यांच्या पत्नी हेमलताबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढे उभ्या होत्या. त्यांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडायला सोसायटीच्या वॉचमनच्या, लहानूच्या हातात दिला.

मधुसूदन अष्टपुत्रे एका सरकारी खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांच्या दिमतीला सरकारी गाडी आणि सरकारी ड्रायव्हर. निवृत्तीच्या संध्याकाळी गाडीने त्यांना घरी सोडलं आणि ती गेली ती गेलीच. त्यानंतर सहा वर्षं साहेब रिक्षाने फिरले, पण रिक्षात बसताना आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना हे पाहूनच बसायचे. नाशिकमध्ये आमच्या कंपनीने छोट्या इलेक्ट्रिक गाड्या तीन वर्षांच्या लीजवर द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी जाहिरात पाहून लगेच फोन केला. गाडी साबणाच्या डबीएवढी होती, पण तिच्या नंबरप्लेटचा रंग हिरवा होता. इलेक्ट्रिक गाडीला तो असतोच. साहेबांना मात्र तो सरकारी वाटला असावा, कारण सोसायटीतल्या दोघा-तिघांनी तसं विचारलं तेव्हा त्यांनी खुलासा केला नाही. लीज हा शब्दही त्यांनी घरात येऊ दिला नाही. गाडी 'घेतली' होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. सुनेत्रा खैरनार, मूळची दिंडोरीची. वडील द्राक्षांचा टेम्पो चालवायचे, त्यामुळे मला ड्रायव्हिंग कॉलेजच्या आधीच येत होतं. कंपनीत माझं काम होतं ग्राहकांचे कागद भरून घेणं आणि पहिले काही दिवस त्यांच्या शेजारी बसून गाडीची सवय करून देणं. सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. ते पार पडलं की मी कायम होणार होते. देवकुळेसरांचं वय एकतीस होतं आणि त्यांना सुविचारांची आवड होती. त्यातला एक माझ्या टेबलासमोर लावलेला होता: ग्राहक चुकत नाही, तो फक्त शिकत असतो.

साहेबांचे कागद भरतानाच मी पाहिलं होतं की त्यांच्या लायसन्सची मुदत संपून अकरा वर्षं झाली होती. मी ते देवकुळेसरांना दाखवलं. ते म्हणाले, नूतनीकरण चालू आहे असं लिही, ते करून घेतीलच, इतका मोठा माणूस आहे. मी लिहिलं. माझं अक्षर सुरेख आहे, त्यामुळे ते खरंही वाटत होतं.

मखमलाबाद रस्त्याच्या पलीकडे तेव्हा एक अर्धवट रिंगरोड होता. सकाळी सहाला तिथे फक्त चालायला येणारे म्हातारे आणि म्हशी असायच्या. आम्ही तिथे जायचो. जाताना रस्ताभर गाडी मी चालवायची, सोसायटीच्या गेटबाहेर पडेपर्यंत मात्र साहेब चालकाच्या जागी. म्हणजे पार्किंगपासून गेटपर्यंतचे साठ फूट ते चालवायचे, वळणापलीकडे गेल्यावर आम्ही जागा बदलायचो, आणि परत येताना त्याच वळणावर पुन्हा. त्याला साहेब 'रिफ्रेशर' म्हणत. एका तरुण मुलीबरोबर एकट्याने गाडीत फिरणं बरं दिसत नाही म्हणून हेमलताबाई मागे बसत. त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. त्या मांडीवर थर्मास घेऊन बसायच्या आणि रिंगरोडवर पोचलं की तिघांना चहा ओतायच्या.

साहेबांना गाडी येत नव्हती, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. दुसऱ्या पाच मिनिटांत कळलं की ती त्यांना येणारही नाही, कारण शिकण्यासाठी आधी येत नाही असं म्हणावं लागतं. त्यांनी गाडी डाव्या बाजूच्या खडीत घातली तेव्हा दोष रस्त्याच्या उताराचा होता. उतार चुकीचा कसा दिला आहे हे त्यांनी मला दहा मिनिटं समजावलं. म्हैस आडवी आली तेव्हा दोष पशुसंवर्धनाच्या धोरणाचा होता. आणि गाडी आवाज करत नाही हा तर मूळचाच दोष. "यंत्राने आपण चालू आहोत हे सांगितलं पाहिजे," ते म्हणाले. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यांत गोंधळ झाला की ते पाय उचलून दोन्हीकडे संशयाने पाहायचे आणि हाताखालच्या माणसाने फाइल चुकीच्या जागी ठेवल्यासारखा सुस्कारा टाकायचे.

मी हे सगळं घरी आईला रंगवून सांगायची. आम्ही खूप हसायचो. साहेब माझ्यासाठी रोजची करमणूक होते, हे मान्य करायला हवं. भ्यालेला माणूस किती रुबाबात बसू शकतो, ते मी त्यांच्याकडे पाहून शिकले असं मला वाटायचं. ते शिक्षण दुसऱ्याबद्दलचं आहे, असंही वाटायचं.

साहेब सोसायटीचे अध्यक्ष होते. गाडी आल्यावर त्यांनी पहिला ठराव केला तो वॉचमनबद्दल. लहानू बेंडकोळी हा पेठ तालुक्यातला पन्नाशीचा माणूस, नऊ वर्षं त्याच गेटवर होता. आतापर्यंत तो गेट उघडायचा आणि बाजूला व्हायचा. नव्या नियमाप्रमाणे त्याने एका हाताने गेट धरायचं, दुसऱ्याने सॅल्यूट करायचा, आणि अध्यक्षांची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत हात खाली आणायचा नाही. गेट जड होतं आणि उताराकडे आपोआप मिटायचं, त्यामुळे ते धरून उभं राहायचं तर माणसाला गाडीच्या वाटेतच अर्धा पाऊल यावं लागे. लहानूने हे एकदा साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, शिस्तीत थोडी गैरसोय असतेच.

ती सकाळ सोमवारची होती. प्रोबेशन संपायला अकरा दिवस उरले होते. साहेबांचा मूड छान होता, कारण ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या फेरीत त्यांची गाडी सर्वांत पुढे असणार असं आदल्या दिवशी ठरलं होतं. साठ फुटांपैकी चाळीस फूट गाडी नीट गेली. लहानूने गेट उघडलं, धरलं, सॅल्यूट केला. साहेबांना सॅल्यूट स्वीकारायचा मोह आवरला नाही. त्यांनी उजवा हात स्टिअरिंगवरून काढून कपाळाकडे नेला, आणि गाडी हळू करायला म्हणून पाय दाबला. तो अॅक्सिलरेटरवर होता.

इलेक्ट्रिक गाडी कुरकुरत नाही. दाबलं की झेपावते. मी हँडब्रेक ओढला तोवर गाडी गेटच्या खांबाला धडकून थांबली होती आणि लहानू गेट आणि बंपर यांच्यामधून घसरून जमिनीवर पडला होता. त्याचा आवाज आला नाही. गेटचा आला.

त्यानंतर जे झालं ते मी बरीच वर्षं 'सगळं एका क्षणात झालं' असं सांगत होते. ते खरं नाही. त्याला बराच वेळ लागला. साहेबांनी सीटबेल्ट काढला. दार उघडलं. ते उतरले, गाडीच्या पुढून वळसा घातला, वाटेत लहानूची काठी पडली होती ती ओलांडली, आणि माझ्या बाजूचं दार उघडून अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू तिकडे जाऊन बस."

तोवर ते मला नेहमी तुम्ही म्हणायचे.

मी उतरले. पुढूनच वळसा घालून गेले. चालकाच्या जागी बसले. साहेब माझ्या जागी बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मग वरच्या खिडक्या उघडू लागल्या, कोणीतरी जिन्यावरून धावत खाली आलं, आणि ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी स्टिअरिंगवर माझे हात पाहिले. हेमलताबाई कधी उतरल्या ते मला कळलं नाही. मी पाहिलं तेव्हा त्या लहानूचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेल्या होत्या आणि थर्मास कुठेतरी आडवा होऊन चहा सांडत होता.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. लहानूला दवाखान्यात नेलं. देवकुळेसरांचा फोन मला तिथेच आला. साहेब त्यांच्याशी आधीच बोलले होते. देवकुळेसर फार प्रेमाने बोलले. म्हणाले, लायसन्सचा विषय निघाला तर कंपनी अडचणीत येईल, फॉर्म कुणी भरला तेही निघेल. तुझं लायसन्स चालू आहे, विमा आहे, पाय घसरला एवढंच सांगायचं, अशा केसमध्ये काहीही होत नाही. शेवटी म्हणाले, "संकटातच माणूस कायम होतो, सुनेत्रा." प्रोबेशनबद्दल बोलत होते की जीवनाबद्दल, ते मला समजलं नाही. पण मी चौकीवर गेले आणि हवालदार चौरेंसमोर सांगितलं की गाडी मी चालवत होते, पाय घसरला. माझं अक्षर सुरेख असल्यामुळे त्यांनी जबाब मलाच लिहायला सांगितला.

घरी आईला मी तेच सांगितलं. वडिलांना आईने सांगितलं. वडील रात्री फोनवर फक्त एवढंच म्हणाले की तीस वर्षांत मी कोंबडीसुद्धा मारली नाही, आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मी फळं घेऊन लहानूला पाहायला गेले. पाय वर टांगलेला होता. त्याची बायको खाली सतरंजीवर बसली होती. तिला मी कोण हे माहीत नव्हतं, म्हणून तिने मला स्टूल पुढे केलं. मी त्यावर बसून लहानूला माफ करा म्हटलं. तो छताकडे पाहत होता.

"कशाचं माफ?" तो म्हणाला. "तुम्ही कुठं चालवत होता?"

तो म्हणाला, पोलीस अजून माझ्याकडे आले नाहीत, औषधामुळे मी झोपेत होतो. पण साहेबांचा निरोप आला आहे, काय बोलायचं त्याचा. "बाई, तुम्ही सगळे मिळून एकदा ठरवा आणि मला कळवा. म्हणजे माझं पण तेच."

त्यात टोमणा नव्हता. नऊ वर्षं तो गेटवर तेच करत आला होता. मी फळं ठेवून आले.

इकडे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अपघात रोज थोडा थोडा वाढत होता. सोमवारी साहेब गाडीत बसलेले होते. मंगळवारी त्यांनी 'ब्रेक' असं ओरडून सावध केलं होतं. बुधवारी हँडब्रेक त्यांनी ओढला होता. शुक्रवारपर्यंत त्यांनी एका हाताने स्टिअरिंग फिरवून गाडी खांबावर घेतली होती, नाहीतर लहानू जिवानिशी जाता. आजकालच्या मुलींना लायसन्स कशी मिळतात यावर तीन जणांनी मतं मांडली, त्यातल्या दोघांकडे सायकलही नव्हती. रविवारी ज्येष्ठ नागरिक मंडळाने ठरवलं की अष्टपुत्रेसाहेबांचा प्रसंगावधानाबद्दल शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करायचा. निमंत्रणाचा संदेश मलाही आला. कुणीतरी चुकून पाठवला असेल, किंवा मुद्दाम.

त्याच संध्याकाळी हेमलताबाईंचा फोन आला. आपल्याला गाडी शिकायची आहे असं त्यांनी सांगितलं, उद्या सकाळी ये म्हणाल्या. देवकुळेसरांना आनंद झाला. ग्राहक टिकला होता.

सोमवारी मी गेले तेव्हा त्या इस्तरीची साडी नेसून, पर्स घेऊन खाली उभ्याच होत्या. त्या आजवर कधी पुढे बसल्या नव्हत्या. आज पुढचं दार उघडून बसल्या, बेल्ट लावला. गेटवर नवीन वॉचमन होता. त्याने सॅल्यूट केला. हेमलताबाईंनी काच खाली केली आणि त्याला सांगितलं की बाबा, बाजूला हो आधी.

रिंगरोडच्या वळणावर मी गाडी वळवायला लागले तर त्या म्हणाल्या, "तिकडे नको. चौकीवर घे."

मी गाडी कडेला थांबवली. मी त्यांना सांगू लागले. नोकरीचं सांगितलं, फॉर्मचं सांगितलं, विम्याचं, साहेबांच्या वयाचं, त्यांच्या इभ्रतीचं. मला आठवतं, मी साहेबांची बाजू फार उत्तम मांडली. साहेबांना स्वतःला इतकी जमली नसती. हेमलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "यांच्या खात्यात एकदा एक पूल खचला होता. लग्नानंतर चौथं वर्ष. यांनी केलेली सही एका ज्युनिअर मुलाने अंगावर घेतली. आमच्याकडे जेवायला आला होता तो आदल्या दिवशी. मी वाढलं त्याला. मला सगळं माहीत होतं आणि मी त्याला आमटी वाढली."

त्याचं पुढे काय झालं, मी विचारलं.

"ते मी कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "यांना चूप बसण्याचं पेन्शन मिळतं. मला नाही मिळत. तुला तर अजून पगारही धड नाही. तू कशासाठी बसली आहेस?"

मी म्हटलं, घाबरले. एवढा लहान शब्द बोलायला मला आठवडा लागला होता.

"मग घाबरत चालव," त्या म्हणाल्या. "चौकी जवळच आहे."

हवालदार चौरे आम्हाला पाहून खूश झाले नाहीत. हेमलताबाईंनी खुर्चीवर बसून, पर्स मांडीवर ठेवून सांगितलं की गाडी माझे पती चालवत होते, मी मागच्या सीटवर होते, मला सगळं स्पष्ट दिसलं. चौरेंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, जबाब म्हणजे काय दुधाचा रतीब आहे का, काल म्हशीचा आणि आज गाईचा? खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे हे ठाऊक आहे का? मी म्हटलं, ठाऊक आहे. मग कोण चालवत होतं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका बारीक आला की त्यांनी दोनदा विचारलं, आणि मला ते दोनदा सांगावं लागलं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण लोकांना तेच ऐकायचं असतं. साहेबांवर गुन्हा दाखल झाला. खटला चालला, त्यांनी वयाचं, रक्तदाबाचं आणि राष्ट्रसेवेचं कारण दिलं आणि दंडावर सुटले. लहानूच्या उपचाराचे आणि भरपाईचे पैसे त्यांना द्यावे लागले, आणि ते हेमलताबाईंनी त्यांच्यामागे लागून द्यायला लावले. सत्कार रद्द झाला असं तुम्हाला वाटेल. तो झाला. विषय बदलून झाला. प्रसंगावधानाऐवजी 'प्रदीर्घ सेवेबद्दल' असं फलकावर लिहिलं, कारण शाल आधीच आणलेली होती. साहेब हेमलताबाईंशी चार महिने बोलले नाहीत. त्या मला म्हणाल्या की लग्नानंतर पहिल्यांदाच घरात रेडिओ ऐकू येतो. देवकुळेसरांनी मला कामावरून काढलं आणि 'वैयक्तिक कारणास्तव' असं पत्र दिलं. खोट्या जबाबाबद्दल माझ्यावरही कारवाई झाली, माझी कोर्टात चार वर्षं हेलपाटे मारण्यात गेली. वडील प्रत्येक तारखेला बरोबर यायचे. लहानू लंगडतो. त्याने पुन्हा गेटवर काम धरलं नाही, गावी गेला.

पण मला सांगायचं होतं ते हे नाही. त्याच सोमवारी चौरे आम्हा दोघींना घेऊन दवाखान्यात गेले. लहानूचा जबाब राहिला होता, तो आता घेणं भागच होतं.

लहानूने आम्हाला तिघांना एकत्र पाहिलं आणि विचारलं, "ठरलं का?"

हेमलताबाई म्हणाल्या, "काही ठरवलेलं नाही. तुम्ही पाहिलं ते सांगा."

त्याला ते अवघड गेलं. त्याने चादरीचं टोक चिमटीत धरलं. मग सांगू लागला. गेट उघडलं. सॅल्यूट केला. साहेबांनी हात वर केला. गाडी आली. पडलो. चौरे लिहीत होते. तोंडाने पुटपुटत लहानूचं बोलणं ते पोलिसांच्या भाषेत करून घेत होते. पडलो याचं 'खाली कोसळलो' झालं आणि साहेबांचं 'सदर इसम'.

"मग साहेब खाली उतरले," लहानू म्हणाला. "मला वाटलं, उचलायला येत्यात. मी हात वर केला. ते माझ्यापासून इतकुसे लांब आले." त्याने हाताने अंतर दाखवलं. काठीएवढं. "तिथून पलीकडं गेले. मग ह्या बाई उतरल्या. मला वाटलं, ह्या तरी येत्यात. मी हात तसाच ठेवला. त्या पण माझ्यापुढूनच गेल्या. मग दोन्ही दारं लागली."

मला तो हात आठवत नव्हता. मी त्याच्या पुढून गेले होते, दोन हातांच्या अंतरावरून, दिवसाउजेडी, आणि मला तो दिसला नव्हता. आजही मी डोळे मिटून पाहते तेव्हा काठी दिसते, चाक दिसतं, साहेबांचा चपलेतला अंगठा दिसतो. हात दिसत नाही.

"मग मागचं दार उघडलं," लहानू हेमलताबाईंकडे बोट दाखवत म्हणाला, "आणि ह्या आल्या."

चौरेंनी पेन थांबवलं. म्हणाले, हे 'वाटलं, वाटलं' लिहिता येत नाही, कोणाला काय वाटलं ते कायद्याला लागत नाही. चालक कोण होता एवढं पुरे. लहानू म्हणाला बरं. चौरेंनी कागद वाचून दाखवला. त्यात सदर इसम होता, गेट होतं, खांब होता, धडक होती, वेळ होती, गाडीचा क्रमांक होता. सगळं बरोबर होतं. लहानूने अंगठा दिला. मग चौरेंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली.

मी विचारलं, त्याने हात वर केला होता, तेवढं तरी लिहाल का.

"मॅडम," चौरे म्हणाले, "हात वर करणं हा काही गुन्हा नाही."

मी सही केली.